केकवरचं रान

विहीर चुकीच्या जागी पडली आहे, हे पारूबाईंनी चष्मा न लावताच ओळखलं.

"इथं कुटून आली गं हिर?" टेबलाशी वाकून त्या म्हणाल्या. "इथं तर आपलं खळं व्हतं."

दीपमालाचा ब्रश हातातच राहिला. भाऊबीजेची सकाळ होती आणि पूजा उरकल्यापासून ती या केकपुढं उभी होती. काल दुपारीच तिनं केक भाजून घेतला, त्याला सगळीकडून बटरक्रीमचा हात दिला आणि वरून फॉन्डंटची पोळी चढवली. साखरेच्या पिठाची ती पांढरी मऊ पोळी लाटून केकवर पांघरूण घातल्यासारखी घालायची, आणि एकदा का ती सुकली की तिच्यावर कागदासारखं रंगवता येतं. रंग खायचेच, पण लिंबाच्या इसेन्समध्ये कालवलेले. पाण्यात कालवले तर साखर विरघळते आणि चित्राला घाम फुटतो, हे ती पहिल्याच केकला शिकली होती.

"मग हिर कुठं होती, आत्याबाई?" तिनं सासूला विचारलं.

"खाली. नाल्याच्या अंगाला."

"काही पण आई," तिचा नवरा सुदर्शन दारातून म्हणाला. तोंडावरचा मास्क हनुवटीला अडकवून तो चहा पीत होता. "हिर लिंबाजवळ होती. लिंबोळ्या पडायच्या पाण्यात, मी स्वतः काढायचो."

"तू काढायचास? तुला तर कुणी हिरीकडं फिरकू देत नव्हतं. आन् लिंब आपला नव्हता, शेजारच्याचा व्हता."

"आपला होता!"

मायलेक असे हमरीतुमरीवर आले आणि दीपमालाला हसू फुटलं. मग तिनं केककडं पाहिलं आणि हसू ओसरलं. अर्धं रान रंगवून झालं होतं. बांध, बाभळी, वर फिकट निळं आभाळ. दिसायला झकास होतं, पण ते कुणाचंही रान असू शकलं असतं. तिला शेंद्र्याचं हवं होतं.

शेंद्र्याचं ते रान जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती. सरकारनं कारखान्यांसाठी घेतलं. आता तिथं एक लांबलचक पत्र्याची शेड आहे आणि पुढं गाड्या लावायचं आवार. सुदर्शन तिथल्याच औद्योगिक वसाहतीत, दोन रस्ते पलीकडच्या कारखान्यात फिटर आहे. कंपनीची बस त्या आवारावरून जाते तेव्हा तो खिडकीतून बघायचं टाळतो, असं त्यानंच एकदा सांगितलं होतं. रान गेल्यावर धाकट्या सुदर्शननं इकडं पडेगावला दौलताबाद रस्त्याला घर बांधलं आणि आईला घेऊन आला. थोरला भाऊ कारभारी शेंद्र्यातच राहिला, दोन-चार म्हशींवर. मधली सुरेखा आधीच वेरूळला दिली होती.

आणि त्या रानाचा एकही फोटो कुणाकडं नव्हता. हे सुरेखानंच सांगितलं होतं, दवाखान्यात.

फाल्गुनातली गोष्ट. सुरेखाची एक किडनी काढून सुदर्शनला बसवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दीपमाला तिच्या खाटेशी बसली होती. भुलीचा अंमल पुरता उतरला नव्हता. डोळे मिटूनच सुरेखा म्हणाली, "दीपा, मला रान दिसू राह्यलं गं. आपलं शेंद्र्याचं. तुरी फुलल्यात." मग जरा वेळानं, "त्याचा फोटू काढायचं कुणाच्या मनातच आलं नाय बघ. कुणाला वाटलं व्हतं, रान कुटं जाईल म्हणून?"

त्यानंतर दीपमालानं कितीदा तरी आभार मानायचा प्रयत्न केला. दर भेटीला ती नणंदेच्या पाया पडायला वाकायची आणि नणंद म्हणायची, "ऊठ गं, कणीक भिजव, भूक लागली." एकदा ती हट्टानं बोलायला लागली, "वन्सं, तुमच्यामुळं माझं कुंकू..." तेव्हा सुरेखानं तिला मध्येच तोडलं. "हे बघ दीपा, असलं बोलणार असशील तर मी यायचीच बंद होईन." आणि ती तसं करणारी बाई होती.

म्हणून हा केक. डायलिसिसच्या दिवसांत नवऱ्याला सोडून रोज कामाला बाहेर जाता येईना, तेव्हा घरबसल्या काही करता यावं म्हणून गारखेड्यातल्या एका बाईंकडं चार रविवार जाऊन दीपमाला केक शिकली होती. पुढं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलं, तेव्हा घरचा केक हाच घरचा सण झाला. रंगकाम तिचं तिनंच वाढवलं. फुलं, मोर, पैठणीचे काठ असं सगळं तिनं रंगवून पाहिलं होतं. पण कुणाच्या आठवणीतलं रंगवायचं हे पहिल्यांदाच, आणि आठवण सांगणाऱ्या दोघांचं एकमत होईना.

"दादाला ठाऊक असणार," सुदर्शन सहज बोलून गेला.

पारूबाईंनी पदर सारखा केला. त्या सुनेकडं बघत नव्हत्या, पण त्यांचा सगळा जीव कानात आला होता हे दीपमालाला कळलं.

कारभारीचं नाव या घरात वर्षभर कुणी घेत नव्हतं. घेत नव्हतं म्हणजे, दीपमाला घेऊ देत नव्हती. सुदर्शनला किडनी द्यायची ठरली ती आधी कारभारीची. सगळ्या तपासण्या झाल्या, जुळलं, तारीख मिळाली. आणि मग चार दिवस आधी त्याचा फोन बंद. दवाखान्यात आली ती त्याची बायको सरूबाई, एकटी. "आमच्यात कर्तं माणूस एकच हाय," एवढं बोलून ती रडत निघून गेली. दीपमाला दवाखान्याच्या वऱ्हांड्यात भिंतीला टेकून किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी वेरूळहून सुरेखा आली, बरोबर तिचा नवरा माऊली. घृष्णेश्वराच्या देवळापाशी बेल-फुलांचं दुकान चालवणारा, तोंडातून शब्द न काढणारा माणूस. सुरेखा डॉक्टरांना म्हणाली, "माझी तपासा." डॉक्टरांनी माऊलीकडं पाहिलं. तो म्हणाला, "तिचं ठरलंय." झालं. तपासण्या-परवानग्यांत हिवाळा सरला आणि फाल्गुनात ऑपरेशन झालं.

सुदर्शन भावावर कधी चिडला नाही. "भीती वाटतीच की," एवढंच म्हणाला होता तो. पारूबाई थोरल्यासाठी आतल्या आत झुरत होत्या, पण धाकट्याच्या घरात राहून बोलणार काय? राग धरून बसली होती ती एकटी दीपमाला. आणि तिच्या रागाचा मान सगळे ठेवत होते. दिवाळीचं आवतण वेरूळला गेलं, शेंद्र्याला गेलं नाही.

आता ती केककडं बघत उभी राहिली. आभार मानायचे तर ते अर्धवट कसे मानायचे? दुपारी सुरेखा येणार, बघणार, कौतुकही करणार, पण तिला तिचं रान दिसणार नाही. आणि हे नुसतं आपल्या हट्टापायी.

"नंबर लावा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी बोलते."

फोन तिकडं लगेच उचलला गेला. "सुदर्शन?" घाबरलेला आवाज. "बरा हाईस ना रे?"

"मी दीपमाला बोलते, भावजी. ते बरे आहेत."

पलीकडं म्हैस रेकल्याचा आवाज आला.

"मला एक विचारायचं होतं," ती म्हणाली. आवाज कोरडा ठेवायला तिला कष्ट पडत होते. "वन्संसाठी केक करते आहे. त्याच्यावर आपलं शेंद्र्याचं रान काढायचंय. हिर कुठं होती ते इथं कुणाला नीट सांगता येईना."

कारभारीनं विचारलं, "केकवर? रान?"

"हो."

"हिर म्हणजे... रान हाय ना ते उताराचं. वरती मुरमाड, खाली काळी. मधी दोन ताली, मातीचे आडवे बांध. हिर खालच्या तालीच्या अंगाला, पर पार नाल्याशी नाय. तिथून नाला वळतो..." तो अडखळला. "फोनवर कळायचं नाय हे. मी येऊन दावू का? दावतो आन् लगेच जातो. सुरेखा यायच्या आत."

सुदर्शन आणि पारूबाई दोघंही तिच्या तोंडाकडं बघत होते. नाही म्हणणं जिभेच्या टोकावर होतं.

"या," दीपमाला म्हणाली.

शेंद्रा एका टोकाला, पडेगाव दुसऱ्या. मधलं सगळं शहर ओलांडून कारभारी मोटारसायकलवर आला तेव्हा घामानं डबडबला होता. वर्षात माणूस वाळला होता. आईच्या पायाला हात लावला, भावाच्या खांद्याला हात लावायला गेला आणि मध्येच मागं घेतला. "मी बाहेरून आलोय. आधी हात धुतो. तुला इन्फेक्शन होतं नाय का?"

"काय होत नाय दादा, ये," सुदर्शन म्हणाला. पण कारभारी मोरीकडं गेला आणि कोपरापर्यंत हात घासून आला.

मग तो केकपुढं उभा राहिला. दीपमालाला वाटलं होतं की हा माणूस बावचळेल, आपल्याकडं बघून माफीचं काहीतरी बोलेल, आणि आपल्याला ते ऐकून घ्यावं लागेल. तसं काही झालं नाही. तो वाकला, डोळे बारीक केले, आणि रानात शिरल्यासारखा केकमध्ये शिरला.

"हे सपाट केलंय तुमी. आपलं रान सपाट नव्हतं. इकडून असं," त्यानं हवेत हात फिरवला, "खाली येतं. पाणी पडलं की मुरमावर थांबायचं नाय, पळत यायचं."

"मग इथं ताल काढू?"

"इथं. आन् दुसरी हितं, जरा तिरकी. दिवाळीला तुरी फुलावर असत्यात, तवा हा पट्टा पिवळा. खालच्या काळीत शाळू, एवढासाच आलेला, घोट्याएवढा. तुमी कणसं काढलीत. दिवाळीत कुटली कणसं?"

दीपमालानं कापसाच्या काडीनं कणसं पुसून काढली. विहीर मात्र पुसली जाईना, रंग पोळीत मुरला होता. ती विचारात पडली. मग बटरक्रीममध्ये तांबूस रंग कालवून तिनं सुरीच्या पात्यानं तिथं जाडसर लेप ओढला आणि चुकीच्या विहिरीवर खळ्याशेजारचा मातीचा उंचवटा तयार झाला.

"आरं वा," कारभारीच्या तोंडून निघून गेलं.

पारूबाई एव्हाना खुर्ची ओढून बसल्या होत्या. सकाळी याच बाई म्हणत होत्या की भाऊबीजेला केक कसला, करंज्या-अनारसे काय कमी पडले. आता त्या म्हणाल्या, "गोठा इसरू नका. आन् माझी चूल, गोठ्याम्होरं."

"लिंब कुठं?" सुदर्शननं विचारलं.

"बांधावर," कारभारी म्हणाला. "अर्धा आपला, अर्धा शेजारच्याचा."

"बघ!" मायलेक एकदमच म्हणाले आणि दोघंही हसले.

रान असं एकेक करून जागेवर येत गेलं. तुरीचा पिवळा रंग दीपमालानं पातळ ब्रशच्या टोकानं टिंब टिंब करत भरला. विहीर खालच्या तालीच्या अंगाला आली. शेवटी कारभारी म्हणाला, "वरच्या तुकड्यात एक माळा व्हता. चार बल्ल्यांवर फळ्या टाकून बाजरीच्या राखणीला केलेला, दिवाळीलाबी उभाच असायचा. पाखरं राखायचं काम सुरेखाचं. ह्याला काखंत घेऊन चढायची," त्यानं सुदर्शनकडं मान केली. "हा खाली ठिवला की भोकाड पसरायचा. तवा एका हातात गोफण आन् एका हातात हा. तेवढे दोघं काढता आले तर बघा."

दीपमालानं माळा काढला. त्यावर मुगाएवढी दोन माणसं. एकीच्या अंगात लाल झंपर, दुसरं तिच्या कमरेला चिकटलेलं. मागं सुदर्शन चहाचा रिकामा कप धरून उभा होता. तो वाकून त्या ठिपक्याएवढ्या पोराकडं बघत राहिला.

"आणि तुम्ही कुठं, भावजी?" तिनं विचारलं. विचारलं तेव्हाच तिच्या ध्यानात आलं की आपण त्याच्याशी नीट बोलतो आहोत.

"मी? मी असायचो खाली. बैलांमागं." तो मागं सरकला. "ते नका काढू. गर्दी व्हईल. झालंय चांगलं. निघतो मी आता."

तो आईजवळ गेला. पारूबाई त्याचा हात सोडेनात. "भाऊबीज हाय रं आज," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "भाऊबीजेला बिगर ओवाळता जातू व्हय?" आणि तो म्हणत होता, "नको आई. कुण्या तोंडानं बसू म्या?"

दीपमालानं मान वर केली नाही. काळसर तपकिरी रंगात तिनं सगळ्यात बारीक ब्रश बुडवला. खालच्या काळीत जरा मोकळी जागा होती. तिथं आधी दोन बैल आले. मग हात थांबला. वऱ्हांड्यातली ती भिंत तिला पाठीला पुन्हा जाणवली, तिचा गारवासुद्धा. पण याच माणसानं आज सबंध शहर ओलांडून, कोपरापर्यंत हात धुऊन, बहिणीसाठी बांध न् बांध सांगितला होता, आणि स्वतःला त्यातून वगळून ठेवलं होतं. त्याला वगळून हे रान पुरं होणार कसं? तिनं बैलांमागं माणूस काढला. डोक्याला पांढरं मुंडासं, हात वर केलेला. माळ्यावरच्या पोरांना हाक मारत असावा तसा.

कारभारी दाराबाहेर पायताण चढवत होता तेव्हा फाटकाशी काळीपिवळी जीप थांबली.

आधी माऊली उतरला, सीताफळांची पाटी घेऊन. मागून सुरेखा, नवं जांभळं लुगडं सावरत. तिनं फाटक लोटलं आणि समोर थोरला भाऊ बघितला. दीपमाला खिडकीतून बघत होती. बहीण-भाऊ वर्षभरात एकमेकांसमोर आले नव्हते.

"पायताण घालून कुटं निघालास?" सुरेखा म्हणाली.

"मी... जरा काम व्हतं. झालं."

"आन् ओवाळून कोण घेणार? म्हशी?"

कारभारी मान खाली घालून उभा राहिला. शेवटी कसंबसं म्हणाला, "सुरेखा, म्या भ्यालो गं..."

"ठावं हाय मला," सुरेखा म्हणाली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "मीबी भ्याले व्हते. टेबलावर झोपूस्तवर भीत व्हते, इचार ह्यांना. काढ ते पायताण. उन्हात नको उभा राहू."

माऊलीनं पाटी कारभारीच्या हातात दिली. "धर जरा," तो म्हणाला. दोन्ही हातांत पाटी घेऊन माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्याला ठाऊक असावं. कारभारी पाटीसकट घरात आला.

दीपमालानं कितीतरी दिवस ठरवलं होतं की केक दाखवताना काय बोलायचं. त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. सुरेखा पाणी प्यायली, आईजवळ टेकली, आणि मग टेबलाकडं वळली.

ती बघतच राहिली. हळूहळू जवळ गेली, पदर खोचला, वाकली. बोट केकच्या कडेकडेनं, न टेकवता, वरून खाली फिरवलं. पहिली ताल, दुसरी ताल, शाळू. विहिरीशी बोट थांबलं.

"हिरीला पायऱ्या व्हत्या," ती म्हणाली.

"त्या आतल्या अंगानं," कारभारी मागून म्हणाला. "वरून दिसत नव्हत्या."

"दिसायच्या. पहिल्या दोन दिसायच्या. मी घागर तिथं टेकवायची."

"दोन नाय, एक."

"तू कधी पाणी भरलंस का? दोन!"

दीपमालानं ब्रश उचलला आणि विहिरीच्या काठाशी दोन करड्या रेघा ओढल्या. सुरेखा समाधानानं हसली. मग तिची नजर वर गेली, माळ्यावर. लाल झंपरावर. तिच्या कमरेला चिकटलेल्या त्या इवल्याशा ठिपक्यावर. सुरेखाचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र भरून वाहायला लागले. दवाखान्यात, टाके दुखत असताना, कुणीच तिला रडताना बघितलं नव्हतं. आता ती लहान पोरीसारखी रडत होती आणि हसतही होती. "ह्यो लई जड व्हता," ती सुदर्शनकडं बोट दाखवून म्हणाली. "लई खायचा. कंबर मोडायची माझी."

"आक्का," सुदर्शन म्हणाला.

केक कापायची वेळ आली तेव्हा सुरेखानं सुरी हातात घेतली आणि परत ठेवली.

"माझ्यानं नाय व्हायचं. एकदा गेलंय ते रान. आता माझ्या हातानं कापू व्हय?"

सगळे घुटमळले. दीपमाला मनात चरफडली. हे आपल्याला आधी सुचायला नको? ती म्हणणार होती की राहू द्या, तसाच ठेवू, तोवर पारूबाई खुर्चीतून उठल्या.

"आण हिकडं," त्यांनी सुरी घेतली. "तवा गेलं, ते कुणी आपल्याला इचारून नेलं नाय. आपुन बांधावर उभं राहून बघत व्हतो. आज आपलं हाय. आपल्या हातानं कापू, आपली मानसं खातील. त्यात रडायचं काय?"

आणि म्हातारीनं सुरी थेट खालच्या तालीतून घातली. आत केक पिवळाधमक, मऊ निघाला. मग वाटप सुरू झालं आणि त्याचा कारभार सुरेखानं ताब्यात घेतला. गोठा आणि चूल आईला. लिंब सुदर्शनला, "पर छोटा तुकडा, साखर वाढायची तुझी." तुरीचा पट्टा माऊलीला. "जावयाला कसली वाटणी?" सुदर्शननं चिडवलं. "फुललेलं रान देऊ राह्यले, बोलू नको," ती म्हणाली. बैल आणि बैलांमागचा माणूस तिनं कारभारीच्या बशीत ठेवला. कारभारीनं बशीत पाहिलं. मुंडासं, वर केलेला हात. हे त्यानं आधी बघितलंच नव्हतं. त्यानं मान वर करून दीपमालाकडं पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

"बसा ना, भावजी," ती म्हणाली. "उभ्यानं काय खाता?"

ओवाळणीला पाट मांडले गेले. आधी थोरला, असं सुरेखानंच फर्मावलं. कारभारी पाटावर बसला. सुरेखानं टिळा लावला, तांदूळ टेकवले, तबक फिरवलं. तो काही म्हणायला गेला तर म्हणाली, "गप. ओवाळताना बोलू नये." मग सुदर्शन. त्यानं ओवाळणीत साडी घातली आणि बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं ते उचलेचना. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. "साडीचा रंग बरा हाय," ती म्हणाली. "दीपानं आणली असंल." पारूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. वर्षाच्या सणाला दोन्ही लेक एका ओळीत पाटावर बघायला मिळाले होते, आणखी त्यांना काही नको होतं.

दीपमाला ताटं घ्यायला उठली.

"तू कुटं चालली?" सुरेखा म्हणाली. "बस पाटावर."

"मी? वन्सं, भाऊबीज आहे. मी कशी बसू?"

"बस म्हणलं ना."

"अहो, रीत नाही..."

"रीत मला शिकवू नको." सुरेखानं तिला दंडाला धरून बसवलं. तबकातली वात सारखी केली. "मी एक दिवस त्या टेबलावर झोपले आन् उठले. मला लोकं देवी म्हणू राह्यले. आन् तू? रोज पहाटं उठून ह्याच्या गोळ्या काढती, पाणी उकळती, दार पुसती, सहा वर्सं झाली. तुला कुणी काय म्हणलं का? माझा भाऊ जगलाय दीपा, तो तू जगवलाय. मी नुसता हातभार लावला."

दीपमालाला बोलायचं होतं. फाल्गुनापासून साठवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं, पण सुरेखानं ओवाळताना बोलू नये म्हटलं होतं. कपाळावर कुंकवाचं गार बोट टेकलं. तबक समोरून फिरलं, एकदा, पुन्हा एकदा. ज्योतीपलीकडं सगळे चेहरे हलत होते. सासू, नवरा, माऊली, आणि एका बाजूला बशी हातात धरून कारभारी. तिनं मनात चाचपून पाहिलं. राग होता, पुरता गेला नव्हता. पण या भरल्या घरात त्याला बसायला जागा उरली नव्हती.

ओवाळून झालं. सुरेखानं तबक खाली ठेवलं आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"हां. आता बोल काय बोलायचं ते," ती म्हणाली. "आज ऐकते."

दीपमालानं तोंड उघडलं. ती पाटावरून उठली आणि नणंदेच्या गळ्यात पडली, घट्ट. रंगांनी माखलेली तिची बोटं त्या नव्या जांभळ्या लुगड्यावर उमटली, पिवळी, हिरवी, तांबडी. सुरेखानं ते बघितलं, आणि तिची पाठ थोपटत राहिली.